उत्तरेच्या भिंतीची चार बोटं

महेबूब,

तुझ्या मातीला मी आलो होतो. बीदरच्या कब्रस्तानात लिंबाच्या झाडाखाली, चपला हातात धरून, शेवटच्या रांगेत उभा होतो. लोक एकेक करून पुढं होऊन तीन-तीन मुठी माती देत होते. तुझ्या जावयानं मला हात केला, "अप्पा, आओ." मी पुढं झालो, वाकलो, मूठ भरली आणि मला ती सोडता आली नाही. तशीच मूठ आवळून मागं सरलो. बसस्टँडपर्यंत ती माती माझ्या हातात होती. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला भोवळ आली. भोवळ नव्हती. लाज होती.

नंतर तुझी शबाना आमच्या गावी आली. म्हणाली, "अप्पा, चाळिसाव्याला अब्बांच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढायलोय. काही पानं उर्दूत, काही कानडीत. मराठीतलं पान तुम्ही लिहा." मी म्हणलं, "बाई, मी तिसरी शिकलेला माणूस. माझ्या हातात थापी शोभती, पेन न्हाई." ती म्हणाली, "अब्बा म्हणायचे, मिस्त्री बोलायला लागला की घड्याळ थांबतंय. जसं बोलता तसं लिहा." पोरगी तुझ्यासारखीच हट्टी आहे. नातवानं म्हणलं, आजोबा तुम्ही सांगा, मी लिहितो. मी नको म्हणलं. ही गोष्ट दुसऱ्याच्या हातानं लिहायची नाही.

तू कुठं जन्मलास, कोणत्या सालात नोकरीला लागलास, ते बाकीचे लिहितील. मला तू पहिल्यांदा दिसलास तो माझ्या बांधावर. मी आणि माझा चुलतभाऊ बांधासाठी भांडत होतो आणि सरकारनं तुला मोजणीला धाडलं होतं. डोक्याला पांढरा रुमाल, हातात साखळी, काखेत वही. मी पंगतीला बोलावलं, आला नाहीस. ताक पाठवलं, परत पाठवलंस. झाडाखाली बसून स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायलास आणि दुपारी उठून म्हणालास, "मिस्त्री, एक हात तुमचा न्हाई."

मी म्हणलं, "माझी नजर सांगती, बांध बरोबर हाय. चाळीस वर्षं भिंती उभ्या केल्यात ह्या नजरेनं."

तू साखळी गुंडाळत म्हणालास, "नजर तुमची आहे ना, म्हणून तुमच्या बाजूनं बोलती. साखळी कुणाची न्हाई."

पुढाऱ्याचा निरोप आणला, तरी तू वहीतला आकडा बदलला नाहीस. माझा एक हात गेला. पुढं सहा वर्षं तू मंठाळच्या बाजारात दिसलास की मी रस्ता ओलांडून पलीकडून जायचो. तुला माहीत होतं. तू मुद्दाम मोठ्यानं सलाम करायचास.

मग तू रिटायर झालास. लोक रिटायर झाल्यावर नातवंडं खेळवतात. तू तीन पायांचं यंत्र खेळवायला लागलास. हैदराबादची कुठली तरी मंडळी जुन्या इमारती मोजायला निघाली होती, त्यांना इकडची माहिती असलेला मोजणीदार पाहिजे होता. त्यांनी तुला धरलं आणि तू त्यांना घेऊन आमच्या सराईच्या दारात उभा राहिलास. जुन्या वाटेवरची सराई, मधे अंगण, चारी बाजूंनी खोल्यांची ओळ, पुढं कमान. किल्ली माझ्याकडं, कारण भूकंपात तिची उत्तरेची भिंत पडली तेव्हा ती मीच बांधली होती, चुन्यात, जुन्या पद्धतीनं. तेव्हापासून गावानं किल्ली माझ्या कमरेला दिली ती अजून आहे.

"क्या मिस्त्री," तू म्हणालास, "चाबी देते क्या, या अब्बी गुस्से में हो?"

"एक हात जमीन आण, किल्ली घेऊन जा."

तू इतका हसलास की तुला जोत्यावर बसावं लागलं. मलाही हसू आलं. सहा वर्षांचा अबोला तिथं मोडला.

पंधरा दिवस तुम्ही तिथं होता. तेवढे दिवस मी कुणाच्या लग्नालासुद्धा गेलो नाही. यंत्र डोकं गरगर फिरवायचं आणि तू मला शिकवायचास. मी विचारलं, "फोटो काढायलंय का?" तू म्हणालास, "नक्को मिस्त्री, फोटो नही. तुमच्या घरी बाया रांगोळीला पहिले ठिपके घालत्यात ना, वैसाच. ये मशीन भिंतीवर ठिपके घालती. करोडों. हर ठिपका कितना दूर, सब लिखको रखती. मग कॉम्प्युटर त्याची सराई करतो." मला तेवढ्यात सगळं समजलं. तू शिकवायचास तसं कुणी शाळेत शिकवलं असतं तर मी तिसरीवर थांबलो नसतो.

आणि ते पांढरे गोळे. खुंट्यांवर बसवलेले, नारळाएवढे. यंत्राला एका जागेवरून एकच बाजू दिसते, तेव्हा ते इथून तिथं हलवावं लागतं. पण गोळे आपल्या जागी राहतात आणि त्यांच्याच खुणेनं एक बाजू दुसरीला जोडली जाते. तू बजावून ठेवलं होतंस, "गोळा हिला तो घर टूटा." कमळाअक्का बघायला आली, गोळ्यांकडं बघून तिनं पदर डोक्यावर घेतला. "ह्येंना रोज काय दाखवता? साखर का खोबरं?" तू गंभीर तोंड करून म्हणालास, "अक्का, इनकू सिर्फ चाय चलती." म्हातारी खरंच चहाचा कप ठेवून गेली. तो कप तू प्यायलास.

मी रोज सकाळी अंगण झाडायचो. गोळ्यांच्या भोवतीनं झाडायचो, दारातल्या रांगोळीभोवती झाडावं तसं. महेबूब, त्या पंधरा दिवसांत माझ्या झाडूचं टोकसुद्धा एका गोळ्याला लागलं नाही. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढं जे लिहायचं आहे ते ह्याच्यावर उभं आहे.

मी रोज तुला उत्तरेची भिंत दाखवायचो. "लाव तुझं यंत्र. सुताएवढा फरक निघाला तर मिशी उतरवीन."

"मिशी है कित्ती," तू म्हणायचास, "फरक उससे बडा निकला तो?"

मग एका सकाळी तू कोयता घेऊन भिंतीच्या मागं निघालास. मागं बाभळीचं रान माजलेलं. मी वाटेत आडवा झालो. "तिकडं कामून जायलास? तिकडं काय हाय, काटे अन् सरडे."

"दोन्ही बाजू बघितल्याबिगर भिंत कळत न्हाई, मिस्त्री. तुम्हाला काय सांगायचं."

दोन दिवस तू स्वतः वाकून ते रान तोडलंस. त्या दोन दिवसांत मला भाकरी गोड लागली नाही. कारण ते बाभळीचं कुंपण मीच लावलं होतं.

आता सांगतो. ती भिंत बांधताना वरचा तिसरा हिस्सा राहिला होता आणि गावाला उगादीच्या आत सराई उघडायची होती. माझ्या हाताखालचा गवंडी म्हणाला, "मिस्त्री, ओळंबा सोडून बघू का?" मी त्याला सगळ्यांसमोर झापलं, "माझ्या डोळ्यात ओळंबा हाय." वरचे थर मी नजरेनं चढवले. आठ दिवसांनी मागच्या बाजूनं गेलो आणि दिसलं, भिंत वरती शेताकडं कललीय. एकट्यानं ओळंबा सोडला. चार बोटं. ते थर उतरवून परत बांधायला पाहिजे होते. पण लोक येऊन भिंतीवरनं हात फिरवत होते, वाहवा करत होते, कुणी शाल आणली होती. मी आतून गिलावा केला. खाली पातळ, वर चढत चढत जाड, माथ्याला चार बोटं. आतून बघाल तर भिंत दोरीसारखी सरळ. आणि मागं कुणी जाऊ नये म्हणून बाभळी लावल्या. अंगणातून बघणाऱ्या सगळ्यांना तीस वर्षं मी सरळ बाजू दाखवली.

यंत्राला मागची बाजू दिसायला काट्यांचीच अडचण होती. ती तू कोयत्यानं काढून टाकलीस.

शेवटच्या दिवशी संध्याकाळच्या उजेडात तू कॉम्प्युटर जोत्यावर ठेवलास. हैदराबादची दोन पोरं होती, गावातले चौघे होते. तू सराई फिरवून दाखवलीस, डब्याचं झाकण काढावं तसं छप्पर काढून दाखवलंस. माझ्या अंगावर काटा आला. कबुतराचं घरटं दिसत होतं, कमानीवरची छिन्नीची खूण दिसत होती. मग तू उत्तरेची भिंत मधून कापलीस, कलिंगड कापावं तशी. आतली कड सरळ. बाहेरची कड कललेली. वर जाड, खाली बारीक. आंधळ्यालाही कळावं असं.

तू आवाज खाली आणून म्हणालास, "मिस्त्री, ये दीवार पीछे को जा रही."

"यंत्र खोटं बोलायलंय."

"मशीनकू झूट नही आता."

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. चौघांतला एक मिशीकडं बघून हसला. आणि माझ्या तोंडातून निघालं, "गोळे. मागच्या बाजूचे गोळे सकाळी तिकडचा पाला झाडताना हलले माझ्याकडनं. मीच परत ठेवले. सांगायचं राहिलं."

"हलले?"

"व्हय."

"कितीक हलले?"

"असतील चार बोटं."

तू माझ्याकडं बघितलंस. "बराबर चार?"

"व्हय. चार."

तू कॉम्प्युटर मिटवलास. पोरं चिडली, कारण यंत्र दुसऱ्या दिवशी सकाळी परत द्यायचं होतं, पुन्हा मोजायला वेळ नव्हता. तू त्यांना म्हणालास, "मेरी गलती. देखना मेरा काम था." आणि कागदावर तुझ्या हातानं लिहिलंस की उत्तरेच्या भिंतीचं माप भरवशाचं नाही, गोळे माझ्या देखरेखीत हलले. खाली सही केलीस.

आता ती सराई सगळ्यांच्या मोबाईलवर आहे. नातू मला दाखवतो. बोटानं फिरवली की फिरते. कमान आहे, खोल्या आहेत, अंगणातला हौद आहे. उत्तरेला गेलं की राखाडी पट्टा. भिंतच नाही. आणि खाली बारीक अक्षरांत तुझ्या नावानं चूक. आयुष्यभर माझ्या भिंतीचा तोरा मिरवला आणि जगाला दाखवायची वेळ आली तेव्हा मीच ती पुसून टाकली.

पुढचं काम कलबुर्गीकडच्या एका जुन्या मठाचं होतं. त्या मंडळींनी तुला नेलं नाही. मी विचारलं तर म्हणालास, "उमर हो गई, अच्छा हुआ." तेवढ्यावर थांबला असतास तर बरं होतं. पण तू मंठाळच्या चहाच्या टपरीवर, भरल्या बाजारात, माझ्या खांद्यावर हात ठेवून लोकांना सांगितलंस, "मिस्त्री सच्चा आदमी है. गलती खुद बताया, कोई पूछा नही था."

उभ्या जन्मात मी एक चूक कबूल केली नव्हती, आणि जी केली ती मी केलेलीच नव्हती. तिच्यासाठी लोकांनी माझी वाहवा केली आणि मी ती घेतली. चहापण घेतला. साखर जास्त होती, ते अजून जिभेवर आहे.

दोन वर्षं तू येत राहिलास. आपण जोत्यावर बसायचो. नजर मोठी का माप मोठं, तोच वाद. तू म्हणायचास, "तुमची नजर माझ्या मापापेक्षा तेज आहे मिस्त्री, पण तिला मालक आहे." मी म्हणायचो, "अन् तुझ्या यंत्राला आई-बाप न्हाईत." प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगावं. प्रत्येक वेळी तू उठायचास आणि बस यायची.

दवाखान्यात आलो तेव्हा तुझ्या नाकात नळी होती. मी मोसंबी घेऊन आलो होतो, ती कुठं ठेवावी कळेना. तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "भिंत कशी हाय?"

मी म्हणलं, "बरी हाय."

आपलं शेवटचं बोलणं तेच.

मला वाटलं तू गंमतीनं विचारलंस. शबाना गावी आली त्या दिवशी जाताना तिनं पिशवीतनं तुझी वही काढली. "अप्पा, ह्यात तुमचं नाव आहे म्हणून आणली." सराईच्या पंधरा दिवसांची वही. मला उर्दू येत नाही, पण आकडे ओळखू येतात. रोजचे दोन रकाने. शबानानं वाचून सांगितलं, तू प्रत्येक खुंटीखाली खुणेची फुली मारली होतीस आणि प्रत्येक गोळ्याची जागा सकाळी मोजत होतास आणि संध्याकाळी मोजत होतास. तुझ्यासारखा माणूस मोजल्याशिवाय कसा राहील, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही. शेवटच्या दिवसाचे आकडे बघितले. सकाळचे आणि संध्याकाळचे एकच. मागच्या बाजूचे पण. खाली एक ओळ होती. शबानानं वाचली:

"गोले अपनी जगह पर. मिस्त्री की बात रखी."

पोरगी विचारत होती, "कोणती बात, अप्पा?" मी तिला ती ओळ परत वाचायला लावली.

तुला ठाऊक होतं. "बराबर चार?" विचारलंस तेव्हाच ठाऊक होतं. टपरीवर सच्चा आदमी म्हणालास तेव्हा ठाऊक होतं. दवाखान्यात भिंत कशी हाय म्हणालास, तेव्हा मला शेवटची संधी देत होतास, आणि मी ती मोसंब्यांच्या पिशवीसारखी तिथंच ठेवून आलो.

ज्यानं मला एक हात जमीन सोडली नाही, त्यानं चार बोटं सोडली. पुढाऱ्याच्या निरोपाला जी वही बदलली नाही, तिच्या मालकानं माझ्यासाठी खोट्या कागदावर सही केली. तुझ्या नोकरीतला आणि नोकरीनंतरचा तो एकच खोटा कागद असेल.

मला तुझा रागही येतो, महेबूब. लिहितोच. तू चुकलास. मोजणीदारानं मुरवत धरू नये, हे तूच माझ्या बांधावर शिकवलंस. माझा एक हात घेतलास तेव्हा मी सहा वर्षं रागावलो आणि मग आलो ना जोत्यावर? इथं पण सांगायचं होतंस त्या चौघांसमोर, मिस्त्री खोटं बोलायलाय. मिशी गेली असती, भिंत राहिली असती. बीदरच्या जुन्या इमारतींच्या हापिसानं सराईच्या दुरुस्तीची यादी त्या मोबाईलवरच्या सराईवरून केली आहे. तिच्यात आठ कामं आहेत. उत्तरेची भिंत नाही, कारण तिचं माप नाही. आणि बाभळी तुटल्यापासून मागं सावली पडते म्हणून लोक तिथं शेळ्या बांधतात, बाया तूर निवडायला बसतात. ऐन भिंतीच्या पायाशी.

हे सगळं तुझ्यावर ढकलायलोय, हे मला कळतं. सवय आहे.

परवा शबानाला बोलावून घेतलं. कमळाअक्काला आणि तिथं बसलेल्या बायांना उठवलं, शेळ्या सोडायला लावल्या. त्या दिवशी हसलेला तो पण आला होता. मी शिडीवर चढलो. नातू नको म्हणत होता, त्याला खाली थांबवलं. भिंतीच्या माथ्यावरून मागच्या अंगानं ओळंबा सोडला, सगळ्यांसमोर. दोरी स्थिर व्हायला वेळ लागला. वारा होता. मग शबानानं खाली दोरी आणि भिंतीच्या मधे हात लावला.

"अप्पा, चार न्हाई. पाच हायत."

मी शिडीवरून म्हणलं, "परत बघ."

"पाच."

चार बोटं माझ्या नजरेची. पाचवं ह्या दोन पावसाळ्यांचं, मी गप्प बसलो तेवढ्या दिवसांचं.

शिडीवरूनच सगळ्यांना सांगितलं. गोळे हलले नव्हते, भिंत मी वाकडी बांधली, महेबूबचं माप बरोबर होतं. कमळाअक्का फक्त म्हणाली, "मग खाली उतर आता, पडशील." हसणारा हसला नाही. त्यानं शिडी धरली.

भिंतीच्या मागं मी परत काटे टाकलेत. ह्या वेळी लोकांना लांब ठेवायला. मग बीदरच्या हापिसात अर्ज घेऊन गेलो. तिथल्या बाईनं वाचला, तुझी वही बघितली, म्हणाली, "यंत्र परत आणावं लागेल, आजोबा. तोवर यादीत नाव घालते. मूळ मोजणी कुणाची लिहू?"

मी तुझं नाव सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. म्हणलं, "आणि त्यात लिहा, बरोबर होती म्हणून."

"आणि बांधकाम?"

"ते मी लिहितो."

तिनं पेन दिला. मी माझं नाव लिहिलं. रेघ नसलेला कागद होता, ओळ डावीकडून उजवीकडं वर चढत गेली. ती बाई म्हणाली, "दुसरा कागद देऊ का?" मी म्हणलं, नको.

बसस्टँडला जायच्या आधी लिंबाखाली येऊन गेलो. त्या दिवशी आवळून नेलेली, घरातल्या कोनाड्यात ठेवलेली मूठभर माती रुमालात बांधून आणली होती. ती सोडली. तीन वेळा भरायला पुरली नाही, एकदाच पुरली.